डावी सोंड

गिरगावच्या सरोजिनीबाईंच्या पत्राला चिंतामणींनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं : ‘यंदापासून आपण उजव्या सोंडेचे गणपती करता का? तसे असल्यास कळवावे.’ प्रश्न त्यांना इतका विचित्र वाटला होता, की सुरुवात कशी करावी तेच सुचेना. नुसतं ‘नाही’ लिहिलं तर उर्मट वाटेल. समजावून लिहिलं तर बाईंना शिकवल्यासारखं होईल. कच्चे मसुदे लिहून त्यांनी फाडून टाकले होते.

आता बाईंचा नातू नील कारखान्याच्या दारात उभा होता, पाट परत न्यायला.

काळाचौकीतल्या शैलाताईंच्या या कारखान्यात शाडूचे गणपती होत. मूर्ती नोंदवताना घरोघरची माणसं आपापला पाट आणून ठेवत; त्याच पाटावर बसून गणपती त्यांच्या घरी जाई. पाट परत नेला म्हणजे ते घर सुटलं. यंदा एकामागून एक पाट चालले होते आणि कारण कुणी सांगत नव्हतं. असंच चाललं तर पुढच्या वर्षी कारखाना उघडायचा कुणासाठी, असं शैलाताई कालच म्हणाल्या होत्या.

“अरे, तुझ्या पणजोबांच्या वेळचा पाट हा. आमचे सासरे रंगवायचे तुमचा गणपती,” त्या नीलला म्हणाल्या. “काय चुकलं ते तरी सांग.”

“मला नाय माहीत, मावशी. आजी बोलली घेऊन ये. बस.”

शैलाताई चिंतामणींकडे वळल्या. “काका, तुमच्या आरोहीची वेबसाइट बघून नवीन लोक येणार होते ना? इथे होते ते पण चालले!”

चिंतामणी समोरच्या चाळीत राहत. शाळेतली कारकुनी संपल्यावर ते सकाळी इथे येऊन गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहीत. जुन्या वेबसाइटवरचा मजकूर त्यांचाच. नुसत्या ओळीच ओळी, कुणी वाचत नसे. आरोही त्यांची नात. तिने तो मजकूर चार वाक्यांवर आणला, भोवती पांढरी जागा सोडली आणि शेजारी एकच मोठी मूर्ती ठेवली. पान देखणं झालं होतं. फक्त त्या मूर्तीत त्यांना काहीतरी खुपलं होतं. आपलेच डोळे म्हातारे, म्हणून ते गप्प राहिले होते.

त्यांनी फोनवर ते पान उघडलं. चित्रातली मूर्ती समोरच फळीवर होती. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग फोनकडे. फळीवरच्या गणपतीचं जानवं डाव्या खांद्यावर. फोनमधल्याचं उजव्या. अपसव्य, श्राद्धाला घेतात तसं. नजर खाली सरकली. सोंडही उजवीकडे.

त्यांनी स्पीकर लावून आरोहीला फोन केला.

“त्या फोटोला तू काही केलंस का गं?”

“फ्लिप केला, आजोबा. तो पानाच्या बाहेर बघत होता ना. मग बघणारा पण बाहेरच बघतो. आता कसा मजकुराकडे बघतोय. का, छान नाही दिसत?”

“छानच दिसतो. पण सोंड उजवी झाली, बाळा. उजव्या सोंडेचा कडक. सोवळं-ओवळं सगळं पाळावं लागतं. लोक घरी आणायला घाबरतात.”

“पण मी तुम्हाला दाखवलं होतं ना?”

“दाखवलं होतंस.”

“सॉरी आजोबा. आत्ताच्या आत्ता बदलते.”

शैलाताईंनी सगळं ऐकलं होतं. “म्हणजे आरशातला गणपती लावलात आमच्या नावावर? आमच्यात कुणी उजवा घडवला नाही हो!” मग त्या नीलवर खेकसल्या, “बघत काय बसलास? लाव आजीला. स्पीकरवर टाक.”

सरोजिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“असं झालं होय,” त्या म्हणाल्या. “पण शैला, मी परळला नोंदवला गं काल. शब्द दिला. त्यांचं पण पोट आहे. मी पत्र टाकलं होतं तुम्हाला. उत्तर आलं असतं तर थांबले असते.”

“कसलं पत्र?”

चिंतामणींनी खिशातून पत्र काढून दिलं. शैलाताईंनी ते वाचलं. घडी घालून परत दिलं. शैलाताई पोटमाळ्यावरून पाट उतरवून आल्या, पदराने पुसला आणि नीलच्या हातात दिला.

“नीट ने. एक पाय जरा ढिला आहे त्याचा. परळवाल्यांना सांग.”

नील गेल्यावर चिंतामणी स्टुलावर बसले. या वेळी मसुदा केला नाही.

‘सौ. सरोजिनीबाईंस सा. न. आमच्याकडे गणपती डाव्याच सोंडेचे होतात. पडद्यावरचे चित्र उलटे झाले होते; ते आज सरळ केले आहे. उत्तरास उशीर झाला, तो माझ्यामुळे. शैलाताईंचा यात दोष नाही.’

पुढच्या वर्षी पाट आमच्याकडे पाठवा, हे वाक्य मनात आलं होतं. ते त्यांनी लिहिलं नाही. पाकीट चिकटवलं, लालबागच्या नाक्यापर्यंत चालत गेले आणि पेटीत टाकलं.