दवंडीचं शेपूट

सोजराबाईचा फायदा असा: मोटारवाल्यानं सांगितलेला भाव तीनशे, तिनं पाडलेला भाव पंच्याऐंशी, म्हणजे उभ्याउभ्या दोनशे पंधरा रुपये सुटले. प्रत्यक्षात हातात काही आलं नव्हतं, पंच्याऐंशी गेलेच होते. पण भाव पाडून घेतलेली वस्तू पुसेगावच्या बाजारात बायका अशीच मोजतात. शिवाय साखरा गावच्या व्याह्यांचं तोंड बंद होणार होतं, ते वेगळंच. लेक पद्मीच्या लग्नाची यादी करताना व्याही व्यंकटराव दोनदा म्हणाले होते, ''हुंडा न्हाई, काई न्हाई. पोराला फकस्त एक सुटाचं कापड. फॉरेनचं.'' दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि सोजराबाई समजली: कापड न्हाई तर अक्षता न्हाईत.

मोटार काळी होती. शनिवारच्या बाजाराबाहेर चिंचेखाली उभी, डिकी वीतभर उघडी. माणसं दोन. एक बोलायचा आणि दुसरा नुसता रस्त्याकडं बघायचा. खरा विक्रेता हा दुसराच. तो असा काही मान वळवून बघायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, आता आलीच पोलिसांची गाडी.

''मावशी, जल्दी करा. जहाजावरचा माल आहे. पकडलं तर आम्ही अंदर, तुम्ही बी अंदर.''

''मंग तीनशे काहून? आत जायाचे बी पैशे मीच देऊ का?''

बोलणारा हसला. बघणारा हसला नाही, त्यानं पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. सोजराबाईनं कापड चिमटीत धरलं. गुळगुळीत होतं, उन्हात झळकत होतं, आणि काठावर सोनेरी इंग्रजी अक्षरं होती. तिला मराठीही वाचता येत नव्हतं. पण सोन्याच्या शाईनं कोण खोटं लिहील, असं तिच्या मनानं घेतलं.

पंच्याऐंशी रुपये तिचेच होते. दोन वर्षं म्हशीच्या दुधातून नवऱ्याला कळू न देता बाजूला काढलेले. नवरा ग्यानोबा गावचा कोतवाल. तलाठ्याची दप्तरं वाहायची, सारा भरायला माणसं बोलवायची, हलगी वाजवून दवंडी द्यायची, असं त्याचं काम. सरकारी माणसाला असला माल आधी दाखवू नये, लग्नात एकदम ताटात ठेवावा, एवढा शहाणपणा तिच्याजवळ होता. तिनं घडी ज्वारीच्या कणगीत खोल दाबली आणि वरून दोन पायल्या ज्वारी लोटली.

चार दिवस कापड सुखानं झोपलं. बुधवारी सकाळी मारुतीच्या पारावर हलगी वाजली.

हलगी तिच्या कानाला रोजची. नवऱ्याचा आवाजही रोजचा. शब्द मात्र त्या दिवशी नवे होते. आधी वाऱ्यानं तुटक तुटक आले: ''मोटारीतून...'' ''कापड...'' सोजराबाई भाकरी थापत होती, तिचा हात तिथंच थांबला. मग हलगी आडाजवळ वाजली, मग शेजारच्या गल्लीत. मग तिच्या गल्लीच्या तोंडाशी. तव्यावरची भाकरी करपली, तरी ती उलटवायला तिचा हात उठेना.

स्वतःचं दार कोतवाल वगळत नाही. ग्यानोबा आपल्याच उंबऱ्यासमोर उभा राहिला, बायकोकडं बघत त्यानं हलगीवर काडी मारली आणि ओरडला:

''ध्यान द्या हो मंडळी! शनिवारच्या बाजारात काळ्या मोटारीतून कापड ज्यानं कुणी घेतलं आसंल, त्यानं उद्या धा वाजता ते चावडीवर जमादारसायबाम्होरं हजर करावं हो! कसूर करणाऱ्याला दंड, कैद, आन् घराची झडती हो!''

''झडती?'' सोजराबाई म्हणाली. ''कुणाच्या घराची?''

''समद्यांच्या.''

''आपल्या बी?''

''कोतवालाच्या घराला काय सोनं लागलंय?''

''आन् कोतवालाच्या घरात निघालं तर?''

ग्यानोबाला मोठीच गंमत वाटली. ''तर कमरंचा पट्टा गेला! आन् मी परभणीच्या तुरुंगात. बसा मंग मायलेकी व्यंकटरावाला पत्र लिहीत. हासून काय राहिली?''

ती हसत नव्हती. तिचे दात वाजत होते.

तो पुढच्या गल्लीत गेला. सोजराबाई चुलीपाशीच बसून राहिली. आणीबाणीचं वर्ष होतं. स्मगलरांना धरून आत टाकल्याच्या बातम्या ग्रामपंचायतीच्या रेडिओवर रोज असत, आणि पुसेगावात स्मगलर म्हणजे काय हे कुणाला नीट ठाऊक नसलं तरी आत टाकणं म्हणजे काय हे लहान लेकराला ठाऊक होतं. कापड चावडीवर न्यावं तर कोतवालाची बायको चोरीचा माल घेऊन गावासमोर उभी. न न्यावं तर झडती, आणि कणगी उपसायला पोलिसांना किती वेळ लागतो? दोन्हीकडून पट्टा जाणार होता, दोन्हीकडून साखऱ्याला बातमी पोचणार होती, आणि पद्मी घरात राहणार होती. डोळ्यांसमोर मोटारीजवळचा तो रस्त्याकडं बघणारा आला. आता तीच दर घटकेला दाराकडं बघत होती.

जाळायचं, तिनं ठरवलं.

पण फॉरेनचं कापड म्हणजे टेरिलीन, आणि टेरिलीन जळलं की लपत नाही. गेल्या साली शिंप्याच्या इस्तरीखाली एक सदरा जळाला होता, त्याचा दर्प दिवस मावळेपर्यंत गल्लीत होता. म्हणून तिनं पद्मीला दळणाला धाडलं, मोरीजवळच्या पाणी तापवायच्या चुलीत गोवऱ्या रचल्या आणि वर मूठभर लाल मिरच्या टाकल्या. मग विळीवर कापडाचे तुकडे केले. एकेक तुकडा आत सारताना तिचं लक्ष दाराकडं, त्यात बोटं दोनदा विस्तवालाच लागली.

ठसका भिंतीपलीकडं गेला. शेजारची जनकाबाई खोकत खोकत परसात आली.

''काय गं सोजरे, कुणाची दिष्ट काढून राहिली?''

''पद्मीची.'' तिनं उरलेला तुकडा पदराखाली ओढला.

''एवढ्या मिरच्या? अख्ख्या साखऱ्याची लागली का काय?''

''लगीन ठरलंया. लोकाचे डोळे बरे नसतात.''

जनकाबाई एरवी हलली नसती. आज तिलाही कसलीतरी घाई दिसली. पदर नाकाला लावून ती आल्या पावली गेली. तिच्या पदराचा सोगा ओला होता, आणि हातात आडावरचा रिकामा पोहरा होता. ते सोजराबाईनं पाहिलं, पण हिशेबात धरलं नाही. भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचं भय दिसत नाही.

शेवटचा तुकडा जळताना तिच्या ध्यानात आलं की वास येत नाही. मिरचीचा येत होता, टेरिलीनचा नाही. तिनं काडीनं ढोसून पाहिलं. टेरिलीन वितळतं, त्याचा काळा मणी होतो, शिंपी दोरा पेटवून तसंच पारखतात. इथं मणी नव्हता. कागदासारखी पांढुरकी राख होती, बोट लावताच मोडणारी. खळ लावलेलं साधं सुती कापड. सोनेरी अक्षरं मात्र शेवटपर्यंत चमकत राहिली.

म्हणजे कैदेत जावं असं तिच्या घरात काही नव्हतंच. पण हे कळून उपयोग काय? कापड तिनं घेतलं हे बाजारात चारजणांनी पाहिलं होतं, आणि राख दाखवून जमादाराची समजूत घालायची कशी?

दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून ती ओट्यावर, चावडीच्या वाटेकडं तोंड करून. बूट वाजला की ती उठून दाराआड जाई. दुपारी बारा वाजता ग्यानोबा एकटाच आला, हलगी काखेत, चेहरा पडलेला.

''एक बी कुत्रं आलं न्हाई.''

''आन् झडती?''

''कसली झडती? मोटार वसमतला धरली. आठ गावकऱ्यांला चुना लावलाय त्यायनं. जमादार म्हणे, जो आपलं कापड आणून जबाब दील त्याला कोर्टातून पैशे माघारी भेटतील. भला माणूस. दोन घंटे बसला बिचारा. चहाचे बारा आणे माझेच गेले.''

सोजराबाई जागची उठली. ''मंग कैद? दंड? जमादाराच्या कागदात होतं ते?''

''कागदात काहून आसंल?''

''तुमी तर वरडले!''

''अवो, दवंडीला शेपूट नगं का?'' ग्यानोबा समजुतीनं म्हणाला. ''पंधरा वर्षं झाली, साऱ्याची दवंडी आसो का देवी टोचायच्या डॉक्टरची, शेवटी कैद लावतोच मी. बिनशेपटाची दवंडी कोण ऐकतं?''

ती भाकरी वाढायला आत गेली. बोलायचं तर म्हशीच्या दुधापासून बोलावं लागलं असतं.

आठवडाभरात सगळं मिटलं. तक्रार करणारा नाही, तर कोर्टात उभं कुणाला करायचं? मोटार सुटली, गठ्ठे सुटले, आणि सापडलेले सहाशे चाळीस रुपये सही घेऊन, मोजून, त्या दोघांच्या हातात परत गेले. आडाच्या पोहऱ्याला मात्र पुढं महिनाभर सुती कापडाचे धागे लागत होते.

लग्न झालं. सुटाचं कापड हिंगोलीच्या दुकानातलं होतं, देशी गिरणीचं, सत्तर रुपयांचं. त्यासाठी सोजराबाईच्या हातातले चांदीचे गोठ गेले. व्यंकटरावांनी कापड चिमटीत धरलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ''फॉरेनचं कसं वळखू येतं बघा!''

तर कुणी काय भरलं ते असं. मोटारवाल्यांनी काही नाही. जनकाबाईनं किती, ते तिचं तिला आणि आडाला ठाऊक. सोजराबाईनं पंच्याऐंशी चुलीत आणि दोन गोठ दुकानात. ग्यानोबानं जमादाराच्या चहाचे बारा आणे. त्यातले बारा आणे तेवढे ग्यानोबाच्या तोंडून घरात वर्षभर ऐकू आले.