भिवराच्या काखेतला पहारा

मी एक जुनी पेशी आहे. भिवराच्या काखेतल्या लसिकाग्रंथीच्या इवल्या गाठीत राहते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला किरकोळ समजू नका, मित्रांनो. माझ्याशी वैर घेऊन गोवर आजवर सुखाने नांदलेला नाही.

आमच्या कुळातल्या कोट्यवधी पेशी रक्तात फिरतात. प्रत्येकीच्या अंगावर ग्राही नावाचे बारीक हात असतात आणि त्या हातांत एकच ठरावीक आकार बसतो. माझ्या हातात बसणारा पाहुणा कधी येईल, याची काही खात्री नव्हती. कित्येक बहिणी वाट बघतच संपल्या. मीही तशीच गेले असते, पण भिवराची आई मनकर्णा आडवी आली.

ते दुष्काळाचे वर्ष होते. विहिरींनी तळ गाठला होता आणि दिंद्रुडच्या रस्त्यावर ऊसतोडीचे ट्रक उभे होते. मनकर्णा, तिचा नवरा शहादेव आणि नुकती रांगू लागलेली भिवरा लांबच्या सहकारी कारखान्याला निघाली होती. नेमकी त्याच सकाळी गोवराची लस द्यायला सिस्टर आली.

"तात्याबा, गाडी थांबवा. लेकराला सुई देऊन आणते," मनकर्णा मुकादमाला म्हणाली.

"आगं, गाड्या सुटायल्यात. परत आल्यावर दे की!"

"तवर गोवर थांबंल का? थांबायचं नसंल तर आमचा कोयता बी येणार न्हाई."

कोयता म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी. शहादेवने ट्रकमधले आपले बोचके खाली टाकले. तात्याबाने कपाळाला हात लावला, पण गाडी थांबली.

दंडात सुई गेली आणि लसीतला दुबळा केलेला गोवर काखेपर्यंत आला. तो माझ्या हातांत नेमका बसला! माझे हात एकमेकांजवळ सरकले आणि निरोप आत निघाला. दुष्काळी कामावर बाया ओळीने उभ्या राहून मातीची घमेली हातोहात पुढे देतात, तसा तो एका रेणूकडून दुसऱ्याकडे जात थेट माझ्या गाभ्यात पोचला. तरी एकटीच्या शब्दावर लढाई सुरू होत नाही. गोवराचा तुकडा अंगावर मिरवत मी मदतनीस पेशीकडे गेले. तिने तो आपल्या ग्राहीने चाचपला, ओळखला आणि मगच होकार दिला. माझ्या एकीच्या शेकडो झाल्या. काहींनी प्रतिपिंडे सोडली. मी मात्र आठवण धरून मागे राहिले.

मग माझे कौतुक सरले. वर्षानुवर्षे कुणी ढुंकून पाहिले नाही. शेजारणी चिडवत, "काय गं, नुसती बसून खातेस?" मी म्हणे, "येऊ द्या त्याला!"

आणि तो आला. भिवरा शाळकरी वयाची असताना उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, गोवर शिरला. बाया दारांना लिंबाचा पाला बांधू लागल्या. शेजारच्या कोपीतले एक लेकरू गेले. भिवरा त्याच पोरांत खेळत होती. तिच्या नाकातून तो आत घुसला, आणि या वेळी दुबळा नव्हता, चांगला माजलेला होता. मीही आता नवखी नव्हते. हात लागताच ओळखले. निरोप सुटला, आम्ही शेकड्यांनी वाढलो आणि त्याला पाय रोवूच दिला नाही. भिवराच्या अंगावर पुरळ उठले नाही.

"हिला कावून न्हाई आला गं?" शेजारच्या साखराबाईने विचारले.

"मी गाडी थांबवली हुती," मनकर्णा म्हणाली.

आज भिवराच्या कडेवर तिची लेक आहे. पोटात असताना आईकडून उसनी मिळालेली प्रतिपिंडे आता सरत आली आहेत, आणि मला काही त्या लेकरात जाता येत नाही. याचा मला फार राग येतो. त्या इवल्या अंगात माझ्यासारखीच कुणीतरी आपल्या पाहुण्याची वाट बघते आहे. मित्रांनो, तिची पहिली गाठ माजलेल्या गोवराशी पडू देऊ नका.

ट्रकचा हॉर्न वाजतो आहे. भिवरा अजून खालीच उभी आहे.

"आधी लेकराला सुई," ती नव्या मुकादमाला म्हणते, "न्हाईतर आमचा कोयता बी येणार न्हाई."