घड्याळजींचा क्लच

सकाळी आठपासून घड्याळजी गाडीत उलटे पडले होते. पाठ सीटच्या कडेवर, पाय दाराबाहेर आणि डोकं क्लचच्या पेडलखाली. अशा अवस्थेत माणसाचं रक्त डोक्यात उतरतं आणि अक्कल पायांत जाते. पंचवीस वर्षं त्यांनी घड्याळांतल्या तिळाएवढ्या स्क्रूंशी संसार केला होता, त्यामुळे गाडीचा नट म्हणजे किस झाड की पत्ती, असं त्यांना काल वाटलं होतं. आज तो नट त्यांना त्यांची लायकी दाखवत होता.

काल संध्याकाळी पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. आणि आज चार वाजता बायकोची गाडी चालवायची परीक्षा होती, तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा ती नापास झाली होती. आज नापास झाली तर सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. ती नर्स होती. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं काम दवाखान्यानं तिला देऊ केलं होतं, पण एक तारखेच्या आत लायसन्स हातात असेल तरच. पंधरा वर्षांच्या रात्रपाळ्यांनी तिचे पाय संध्याकाळी चपलेत मावेनासे झाले होते. हे काम मिळालं तर रात्रपाळी सुटणार होती. मेकॅनिक म्हणाला, "परवा बघू." परवाच्या गाडीचा आजच्या परीक्षेला काय उपयोग?

"मी बदलतो," घड्याळजी म्हणाले होते. "त्यात काय आहे एवढं?"

त्यात काय आहे ते आता कळत होतं. क्लचचा मास्टर सिलिंडर म्हणजे मुठीत मावेल एवढी लोखंडी नळी. पेडल दाबलं की आतला दट्ट्या ब्रेक ऑईल पाइपातून पुढे ढकलतो आणि क्लच सुटतो. ही नळी इंजिन आणि पाय ठेवायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला दोन नटांनी आवळलेली असते. एक नट बॉनेट उघडलं की समोर दिसतो. दुसरा दिसत नाही, दिसला तर हाताला लागत नाही, आणि लागला तर फिरत नाही.

"अहो, चहा ठेवू का?" बायकोनं दाराशी येऊन विचारलं.

"चहा नको. हात असेल तर दे एक तिसरा."

"तिसरा असता तर तुमच्या आधी मला लागला असता," ती म्हणाली आणि आत गेली.

तिचा दोन्ही वेळचा गुन्हा एकच होता. परीक्षेत पांढऱ्या रेषेपाशी थांबायचं, पहिला गिअर टाकायचा, उजवा पाय ब्रेकवरून उचलायचा आणि क्लच दाबून धरून इन्स्पेक्टरच्या खुणेची वाट बघायची. दोन्ही वेळा खूण व्हायच्या आतच गाडी चोरपावलांनी रेषेपुढे सरकली. "मी पेडल शेवटपर्यंत दाबून धरलं होतं," बायको दोन्ही वेळा म्हणाली. "नाचता येईना अंगण वाकडं," घड्याळजी दोन्ही वेळा म्हणाले. दुसऱ्या वेळी तर ते इन्स्पेक्टरसमोरच म्हणाले. इन्स्पेक्टर हसला, मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले, आणि घड्याळजीही हसले. त्या दिवशी ती घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दहाच्या सुमाराला तो नट एकदाचा कुरकुरला. पाना नीट बसावा म्हणून त्यांनी पायाखालची चटई गुंडाळून बाहेर फेकली, आणि त्यांचा हात जागीच थांबला. दट्ट्याच्या दांड्यापासून खाली थेट गाडीच्या तळापर्यंत पत्र्यावरचा रंग पापुद्रे धरून निघाला होता. ब्रेक ऑईल रंग खातं, हे त्यांना माहीत होतं. एवढा रंग एका दिवसात जात नाही, हेही कळत होतं. याच चटईवर तेलाचा डाग सापडला तेव्हा त्यांनी बायकोला पाऊण तास सुनावलं होतं. पिशवीतली तेलाची बाटली सांडली आणि तू गप्प बसलीस, असं. तिनं शपथेवर नाही म्हटलं होतं. मग स्वतःच साबण लावून चटई घासली होती.

जुना सिलिंडर सुटून हातात आला. खरं तर तो कचऱ्यात टाकून पुढच्या कामाला लागायला हवं होतं, पण घड्याळजींना उघडून बघितल्याशिवाय कुठली वस्तू टाकता येत नाही. त्यांनी तो घड्याळांच्या टेबलावर नेला आणि डोळ्याला भिंग लावलं. आतल्या रबरी सीलची कड एका बाजूनं झिजून गेली होती. म्हणजे पेडल दाबून धरलं की ऑईल त्या कडेनं हळूहळू मागे निसटणार, आणि पाय तळाला असूनही क्लच पुन्हा पकडून गाडी पुढे सरकणार. लगेच दुसऱ्यांदा दाबलं, तर तेवढ्यापुरता सिलिंडर दाब धरणार.

दुसऱ्यांदा दाबलं तर. भिंग डोळ्याला तसंच ठेवून घड्याळजी बसून राहिले. त्यांचा डावा पाय टेबलाखाली आपोआप हलला होता. टक, टक. प्रत्येक थांब्यावर ते पेडल दोनदा दाबत. कधीपासून? इतरांच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला हेही आठवलं: तिच्या पहिल्या परीक्षेच्या महिनाभर आधीपासून. पाय केव्हाच शहाणा झाला होता, पण मालकाला सांगायला विसरला होता. आणि मालकानं तिला शिकवताना एकदाही म्हटलं नव्हतं की ही गाडी दोनदा मागते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना हमखास राग यायचा. त्यांनी तो स्पेअरपार्टवाल्यावर काढायचं ठरवलं.

त्यासाठी कारणही आयतंच मिळालं. काल रात्री आणलेल्या नव्या सिलिंडरचा दांडा बोटभर लांब निघाला. तो घेऊन ते तडक दुकानात गेले.

"नंतरच्या मॉडेलचा गेला वाटतं," स्पेअरपार्टवाला शांतपणे म्हणाला.

"वाटतं? मी कागदावर वर्ष लिहून दिलं होतं."

"ते तुमच्या जन्माचं वर्ष वाटलं मला," तो म्हणाला आणि माळ्यावर चढला. तो खाली येईपर्यंत घड्याळजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे सहा वेळा बघितलं. ते चार मिनिटं मागे होतं. एरवी त्यांनी ते पुढे करून दिलं असतं.

दीड वाजता नवा सिलिंडर बसला. दांड्याच्या खिळीतली बारीक पिन दोनदा पडली, एकदा सापडली, आणि दुसऱ्यांदा बायकोनं केसातली पिन काढून दिली तेव्हा त्यांनी ती नाइलाजानं परत केली आणि दिवाणखान्यातल्या घड्याळाची पिन काढून लावली. आता पाइपातली हवा काढायची होती. ते काम एकट्याचं नव्हतं. बायको सीटवर बसली, घड्याळजी गाडीखाली सरकले.

"दाब. सोड. दाब. धर."

"धरलंय."

त्यांनी पाइपाच्या खालच्या टोकाला, क्लचपाशी असलेल्या छोट्या सिलिंडरचा स्क्रू सैल केला. त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे आले. स्क्रू आवळला. पुन्हा दाब, पुन्हा धर. पंधराव्या वेळी बुडबुडे कमी व्हायला लागले तेव्हा सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "नक्की धरलंयस ना?"

"खाली तुम्ही आहात," ती म्हणाली. "तिथून दिसतंय ना?"

दिसत होतं. ती 'धरलंय' म्हणत होती तेव्हा त्या छोट्या सिलिंडरचा दट्ट्या बाहेर होता, आणि एकदाही त्यांनी 'सोड' म्हणायच्या आधी मागे आला नव्हता. घड्याळजी गाडीखालूनच बोलले, कारण समोर बसून बोलायला त्यांना जमलं नसतं. "अगं, हा सिलिंडर कालचा गेलेला नाही. वर्षभर झिजतोय. चटईवरचं तेल तुझं नव्हतं."

"आणि रेषेपुढे गाडी गेली ते?"

"तीही तू नेली नाहीस. अंगणच वाकडं होतं."

"हे त्या इन्स्पेक्टरसमोर म्हणाल?"

"म्हणेन."

आपण पेडल दोनदा दाबत होतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. परीक्षेआधी तिचं डोकं कशाला फिरवा, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. समजूत लगेच पटली, तेव्हाच खरं तर त्यांना शंका यायला हवी होती.

चारला पाच कमी असताना ते मैदानावर पोहोचले. घड्याळजी जुना सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून थेट इन्स्पेक्टरपुढे गेले. "मागच्या दोन्ही वेळा चूक गाडीची होती," ते रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हिनं खरं सांगितलं होतं. मी उगाच हसलो."

"काका, मला गाडीची आतडी दाखवू नका," इन्स्पेक्टर म्हणाला. "बाजूला व्हा."

ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. गाडी रेषेपाशी थांबली. पहिला गिअर पडल्याचा आवाज आला. इन्स्पेक्टरनं या वेळी मुद्दामच खूण लांबवली. घड्याळजींनी मनात सेकंद मोजले आणि ते चाळीसपर्यंत गेले. चाक जागचं हललं नाही.

पासची चिठ्ठी तिनं पर्समध्ये न ठेवता समोर काचेपाशी ठेवली आणि घरी जायला गाडी स्वतःच काढली. घड्याळजी शेजारी बसले. दिवसभराचा शीण उतरायला लागला होता, हात ठणकत होते, आणि त्यांना बरं वाटत होतं. पहिल्या सिग्नलला लाल दिवा लागला. तिनं गाडी थांबवली. त्याच वेळी शेजारी चटईवर आवाज झाला. टक, टक.

तिनं त्यांच्या पायाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"दोनदा?"

"सवय आहे," घड्याळजी म्हणाले.

"दोनदा दाबलं की जुना सिलिंडर धरत होता?"

"हो."

"कधीपासूनची सवय?"

त्यांनी खोटं बोलायचा विचार केला. पण दिवसभर तिचं खरं निघत आलं होतं. "तुझ्या पहिल्या परीक्षेच्या महिनाभर आधीपासून," ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं. आज सकाळी कळलं."

"सकाळी," ती म्हणाली. "म्हणजे गाडीखालून बोललात तेव्हा माहीत होतं."

घड्याळजींनी मांडीवरच्या जुन्या सिलिंडरभोवतीचं वर्तमानपत्र नीट केलं.

"उतरा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. रुग्णाला सुई टोचायच्या आधी वापरत असे तोच आवाज. "घर दहा मिनिटांवर आहे. चालत या."

घड्याळजी जुना सिलिंडर घेऊन फूटपाथवर उतरले. दिवा हिरवा झाला आणि ती निघाली. पुढच्या चौकात पुन्हा लाल होता. तिथपर्यंत त्यांना स्पष्ट दिसत होतं. गाडी रेषेच्या वीतभर अलीकडे थांबली आणि दिवा हिरवा होईपर्यंत जागची हलली नाही.