भातुकलीतली पेज

भैरवीनं पिशवी सतरंजीवर उलटी केली, तसा पितळी भातुकलीचा असा काही खणखणाट झाला की शेजारच्या खोलीत लस टोचून घेणारं बाळ रडायचं विसरलं. स्वप्नालीनं मात्र मान वर केली नाही. अकरा वर्षांची पोर. साडेतीन महिने झाले, तोंडातून शब्द नाही. काजूच्या बागेत साप चावून तिचा पाच वर्षांचा भाऊ राजवीर गेला. त्याला तिकडं खेळायला नेलं होतं तिनंच.

भैरवी मुलांच्या मनाच्या आजारांची नर्स. दर मंगळवारी कोल्हापूरहून एसटीनं आजऱ्याच्या या दवाखान्यात यायची. आज मात्र गाडीत बसल्यापासून तिला उतरावंसंच वाटत नव्हतं. महिनाभराच्या गोळ्यांनी फरक पडला नाही तर पोरीला कोल्हापूरला दाखल करायचं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"गोळी रोज देता ना?"

"माझ्या हातानं देतोय की," स्वप्नालीची आई संयोगिता म्हणाली. "एक दीस चुकलं न्हाई. माझंच बरं चाललंय बगा, सिस्टर. राजू गेल्यावर धरल्यालं आंथरूण सुटलं. परवापास्नं काजू फोडायला बी जातोय. हिचं तेवढं काय हालंना."

"मग कोल्हापूरला थोडे दिवस..."

"एक गेलं. ही बी न्या."

एवढं बोलून संयोगिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत दाराबाहेर बघत बसली. भैरवीनं सरळ सतरंजीवर मांडी ठोकली.

"स्वप्नाली, तुमच्या घरातली सकाळ मांड बघू. मी आपली गप बसते."

पोरीनं चूल मांडली. आई म्हणून घेतलेली बाहुली भिंतीकडं तोंड करून निजवली. पातेल्यात खोटी खोटी पेज ढवळली. बाहुलीच्या हातून काहीतरी घेतल्यासारखं केलं, तोंडात टाकलं, वर पाणी प्यायली. आणि चुलीकडं वळून तेच गालातून काढलं, चिमटीत चुरलं, पेजेत टाकलं. वाटी बाहुलीच्या तोंडाला लावली. तळ दिसेपर्यंत ती खाली ठेवली म्हणून नाही.

भैरवी संयोगिताकडं वळली.

"सकाळची पेज कोण करतं, वहिनी?"

"हीच की. राजू गेल्यापास्नं मला चुलीपाशी येऊच देत न्हाई. सगळी प्यायल्याबिगर उठू बी देत न्हाई, लई दांडगी हाय," संयोगिता बाहेर बघतच म्हणाली.

भैरवीनं पेन काढलं आणि परत खिशाला लावलं. अशा वेळी मुलांना समजवायची वाक्यं तिला पाठ होती. त्यातलं एकही इथं चालणार नव्हतं. ती पोरीच्या कानाशी वाकली.

"आईला बरं करायचं काम आता माझ्याकडं दे. डॉक्टरांना दाखवून तिच्यासाठी वेगळी गोळी आणते. तुझी तू गिळायची. चालेल?"

स्वप्नाली तिच्याकडं बघत राहिली. एखाद्याच्या हाती तान्हं मूल द्यावं का नाही, असं बघतात तशी. मग सरकत सरकत तिच्या कानाशी आली. आवाज घोगरा, फुटता फुटेना.

"पेजंत गूळ घालायचा," ती म्हणाली. "न्हाईतर आईला कडू लागतंय."