घासलेल्या बादल्या

मुलं गाडीत चढत होती आणि गाडीमावशीची नजर काही केल्या काट्यावरून हलत नव्हती. गॅसचा काटा असायला हवा त्याच्या बराच खाली होता. सकाळी टाकीवर गॅस भरून घेतानाच तिला शंका आली होती. रोज जोरात येणारा गॅस आज आजाऱ्याच्या श्वासासारखा येत होता. तिने टाकी सांभाळणाऱ्या वहिनीला फोन केला, तर वहिनी म्हणाली, "आजच्या दिवशी तरी शंका काढू नकोस, बाई. भर आणि नीघ."

आज चाचणी होती. ही छोटी बस वस्तीतल्या ओल्या कचऱ्याच्या गॅसवर चालायची. घराघरांतली सालं, देठं, उरलंसुरलं अन्न बादल्यांतून गोळा व्हायचं आणि वस्तीलगत शाळेच्या मालकीच्या जागेतल्या टाकीत कुजायचं. त्यातून निघालेला गॅस साफ करून, दाबून गाडीत भरला जायचा. जागा शाळेची, कचरा वस्तीचा, मेहनत वहिनीच्या बायकांच्या गटाची आणि स्टिअरिंग गाडीमावशीचं. आजवर गाडीने सामान वाहिलं होतं, मुलं आज पहिल्यांदाच. शाळेपर्यंत ती वस्तीच्या गॅसवर धड पोचली, तर पालक मुलांना या गाडीतून कायम पाठवणार होते. नाही पोचली, तर काम डिझेलच्या बसवाल्याला जाणार होतं. गाडीमावशी पूर्वी त्याच्याकडेच गाडी चालवायची. तिने ते काम सोडलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "जा. पण परत आलीस तर माझ्याकडे जागा नाही."

तिच्या शेजारच्या सीटवर पालकांतर्फे मीटरकाका बसले होते. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. साधा दिवासुद्धा ते लावून, विझवून, पुन्हा लावून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत, आणि माणसांच्या बोलण्यालाही हीच कसोटी लावत. म्हणून सगळे त्यांना मीटर म्हणत. त्यांची नातही आज मागच्या बाकावर होती.

"काटा इतका खाली?" काकांनी विचारलं.

"गॅस जरा कमी मिळाला आज."

"जरा म्हणजे?"

"शाळेपर्यंत पुरावा इतका."

पुरेल असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. काकांनी चष्मा वर सारला आणि काट्याकडे टक लावली.

अडीअडचणीसाठी गाडीत थोडं पेट्रोल असायचं. गुडघ्याजवळ, स्टिअरिंगच्या आडोशाला एक बटण होतं. ते दाबलं की इंजिन गॅस सोडून पेट्रोलवर जायचं. आवाजात फरक पडायचा, पण कान टवकारून बसलेल्यालाही कळू नये इतकाच. काकांच्या जागेवरून ते बटण दिसत नव्हतं. हे गाडीमावशीच्या ध्यानात आलं आणि असं ध्यानात आल्याचीच तिला लाज वाटली.

पुढच्या थांब्यावर एक आजी दोन नातवंडांचे हात धरून उभ्या होत्या. पोरांना वर चढवता चढवता म्हणाल्या, "आज वास नाही हो आला तुझ्या गाडीला. यायचा कसा? परवा वस्तीतली बादली न् बादली फिनाईलनं घासलीय. तुझ्या वहिनीनंच दारोदार बाटल्या वाटल्या. तपासायला माणसं येणार, त्यांनी नाक मुरडायला नको."

गाडीमावशीचा हात गियरवरच थांबला. "आणि घासलेलं पाणी?"

"टाकीत ओतलं. तुझ्या वहिनीचाच नियम ना, धुवणसुद्धा वाया घालवायचं नाही?"

दार लागलं. गाडी निघाली. आता तिला सगळा उलगडा झाला. मुलांना टाकी दाखवायला नेलं होतं तेव्हा तिनेच समजावून सांगितलं होतं की टाकी म्हणजे एक मोठं पोट आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात, आपलं उष्टं खातात आणि ढेकर देतात. त्या ढेकरांवर आपली गाडी चालते. मुलं तेव्हा खो खो हसली होती. फिनाईल असतं कशासाठी? असले जीव मारण्यासाठीच.

"मावशी," मीटरकाकांच्या नातीने मागून विचारलं, "फिनाईल प्यायल्यावर ढेकर येतो का गं?"

कोणी हसलं नाही. काकांनी मान वळवून आधी नातीकडे, मग गाडीमावशीकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

"सांगते. आधी पूल पार होऊ दे."

पुलाचा चढ समोरच होता. अरुंद रस्ता, कडेला थांबायला जागा नाही. मागे मालाने लादलेला ट्रक येऊन चिकटला. तिने गियर बदलला. गाडीने निम्मा चढ ओढला आणि इंजिनाला पहिला आचका बसला. मागे एक दप्तर धपकन खाली पडलं. दुसरा आचका बसला. आरशात ट्रकचं तोंड भिंतीएवढं झालं होतं. गाडीमावशीने विचार केला नाही. बोटानेच बटण शोधलं.

इंजिन सावरलं. गाडी चढ चढून गेली, माथा ओलांडून पलीकडे उतरू लागली.

मीटरकाकांनी अडवून धरलेला श्वास सोडला. "मला वाटलं, आता बसते जागेवर. पण चढली हो." त्यांनी खिशातून फोन काढला. "मोठ्या बाईंना सांगतो. तिथं सगळे जिवाला घोर लावून उभे असतील. पूल पार केला म्हणावं, वस्तीच्या गॅसवर."

गप्प बसलं की झालं. वहिनीची चूक झाकली जाईल, काम मिळेल, बसवाल्याचं तोंड बंद होईल. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, त्या तर आनंदाने टाळ्याच वाजवतील. पलीकडे फोनची घंटी वाजत होती.

"काका, ठेवा तो. पूल पेट्रोलवर पार केला."

काकांनी फोन बंद केला. "कधी बदललंत?"

"आचके बसले तेव्हा."

"मला दिसलं नाही."

"तिथून दिसत नाही ते."

"मग सांगितलंत कशाला?"

"उद्या टाकीत याहून कमी असेल. परवा काहीच नसेल. तेव्हा काय सांगू?" मग तिने फिनाईलचं सगळं सांगितलं. काकांनी विचारलं, "हे डोकं कुणाचं?" आजीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, तरी विचारलं. गाडीमावशी म्हणाली, "आम्हा सगळ्यांचं."

काकांनी फोन खिशात ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडची बाटली मीच उघडून दिली. झाकण घट्ट होतं."

शाळेच्या दारात मोठ्या बाई, पालक आणि वहिनी उभ्या होत्या. बाजूला डिझेलची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. मुलं उतरली. मीटरकाका उतरले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "गाडी नापास. निम्म्या पुलावर गॅस संपला." कारणही सांगितलं. वहिनीने तोंडावर पदर धरला.

बसवाला पुढे आला. "म्हणजे ठरलं ना, बाई?"

"टाकी नीट होईपर्यंत तुम्ही न्याल का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तात्पुरतं नाही. वर्षभराचं काम द्या, नाहीतर मी निघालो. आत्ता सांगा."

पालक एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "मुलांच्या बाबतीत असले प्रयोग नकोत." दोघांतिघांनी माना हलवल्या. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "पण ते पाणी ओतलं तर मीही." "आम्हीही," आणखी कोणी म्हणालं. माना हलवणारे खाली बघू लागले, कारण बादली प्रत्येकाच्या घरची होती.

"महिनाभर पेट्रोलवर चालवा," मीटरकाका म्हणाले. "रोज काटा मी बघणार. महिन्याने पुन्हा हाच पूल. तेव्हा आचका बसला, तर मी स्वतः यांच्या बसला हात करीन. तोवर माझी नात याच गाडीतून जाईल."

बसवाला आपल्या बसमध्ये चढला. दोन मुलांचे वडील त्याच्यामागे धावत गेले आणि खिडकीशी बोलत राहिले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

"टाकी भरायला काय लागतं?" काकांनी वहिनीला विचारलं.

"आधी ती रिकामी करायची," वहिनी पदराआडून म्हणाली. "मग गोठ्यातलं ताजं शेण, त्यातच ते जीव असतात. भरपूर. आणि सगळ्यांनी हात लावला तरच."

"आणायचं कशातून?"

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडीमावशीने किल्ली फिरवली आणि बटणावरचं बोट सगळ्यांना दिसेल असं धरून ते दाबलं.

"बसा काका," ती म्हणाली, "पण नाक धरावं लागेल."