तांडेलाची दोन माणसांची मोटार

“बसायला दोघं आन् ढकलायला आठ. असली कसली गाडी घेतली तांडेलानं?”

हे पुटपुटणं माझ्या डाव्या बैठकीवरून आलं. तिथे भागोजी खलाशी गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता आणि मालकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं कुरकुरत होता. मला मात्र अक्षर न् अक्षर ऐकू आलं. माझ्या मांडीवर बसून माझीच निंदा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोनच माणसं बसतील एवढी, लांब नाकाची, पळण्यासाठी म्हणून घडवलेली. माझा जन्म विलायतेतल्या एका धुकट गावात १९२६ साली झाला. ज्या कारागिरानं माझी पितळी कडी घासून चकचकीत केली त्याला वाटलं असेल, ही पोर कुठल्या तरी सरळ, गुळगुळीत रस्त्यावर वाऱ्याशी शर्यत लावील. नागावच्या रेतीत चाकं फिरवत बसणं माझ्या कपाळी होतं, हे त्या बापड्याला काय माहीत!

मुंबईत कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं मला दोन वर्षं मिरवलं. मग त्याचं लग्न झालं, मूल झालं, आणि तिसऱ्या माणसाला जागा नाही म्हणून मी गिरगावातल्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात जाऊन पडले. कोंबड्या माझ्या बैठकीवर अंडी घालू लागल्या. अशी पाच-सहा वर्षं गेली, आणि १९३४ साली नजमुद्दीन तांडेल आला.

तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. रेवदंड्याच्या बंदरातून नारळ-सुपारी आणि माणसं भरून त्याचा मचवा शिडावर मुंबईला जात असे. घर नागावला, मचवा रेवदंड्याला, आणि मधली वाट पायी तुडवून गुडघे गेले, असं तो सांगे. आगबोट कंपनीचा एजंट मोटारीतून फिरतो आणि आपण चपला झिजवतो, हे सलत होतं ते वेगळंच. गिऱ्हाइकं टायरला लाथ मारून बघतात, यंत्राला कान लावतात. यानं तसलं काही केलं नाही. माझ्या दोन्ही दिव्यांवर तळवे ठेवले आणि भर दुपारी ते लावून दाखवायला सांगितले. दिवे लागले. साडेतीनशे रुपयांत सौदा झाला. एवढ्या पैशांत नवीन शिडंसुद्धा येत नाहीत, असं तो खुशीत म्हणाला. मीही खूश झाले. दिव्यांची कदर करणारा मालक मिळाला असं मला वाटलं.

पण नजमुद्दीनला ठाऊक असलेलं वाहन एकच, मचवा. तेव्हा त्यानं मला मचव्यासारखंच वागवलं.

सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की मचवा उजवीकडे वळतो. चाळीस वर्षं हातात भिनलेली ही गोष्ट. पहिल्याच दिवशी “बिस्मिल्ला” म्हणून निघाला, समोर माड आला, उजवीकडे वळायचं म्हणून चाक डावीकडे फिरवलं, आणि मी शेजाऱ्याच्या वाडीतल्या हौदात तोंड घालून उभी राहिले. माझ्या पाणी तापणाऱ्या टाकीला भोक पडलं. झाळायला अलिबागला नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून भागोजीनं मचव्याच्या फटींत भरतात तसा कापूस आणि राळ त्यात ठासून भरली. होडी थंड पाण्यात असते, माझ्या टाकीत पाणी उकळतं. अर्ध्या कोसावर राळ वितळून माझ्या नाकातून गळायला लागली. टायर फुटला की आत काथ्या भरायचे. छत फाटलं तर जुन्या शिडाचं कापड शिवलं. वाऱ्यात ते असं फुगे की मी जमीन सोडते की काय वाटे. आणि पावसाळ्यापूर्वी मचव्याला चोपडतात ते मुशी माशाचं तेल त्यांनी माझ्या लाकडाला आणि कातडी बैठकीला दोन हात चोपडलं. गावातल्या साऱ्या मांजरी महिनाभर माझ्यामागे. विलायतेच्या कारागिरा, डोळे मीट रे बाबा.

तरीही, खोटं कशाला बोलू, ते पहिलं वर्ष सुखाचं होतं. नागावच्या माडांखालून मी फटफटत निघाले की बायका घागरी खाली ठेवून बघत. नवरदेवाला एकदा मशिदीपर्यंत मी नेलं. करवल्या रुसल्या, कारण बसणार कुठे! फक्त तांडेलाची बायको तैयबा माझ्यात कधी बसली नाही. नवऱ्यानं आग्रह केला तेव्हा ती म्हणाली होती, “बाजूला बसवून मिरवायला मी काय डोलकाठीवरचं निशाण हाय?”

मग माझ्या तक्रारी सुरू झाल्या. म्हणजे, माझ्याबद्दलच्या.

दिवे मंद आहेत, असं नजमुद्दीन म्हणू लागला. मी लख्ख पेटत होते. त्यानं काचा चिंचेनं घासून घेतल्या, पोटातली बॅटरी बदलली, मग दिवेच बदलले. पुढची काच धुरकट आहे म्हणून तीही काढून टाकली, आणि रस्त्यावरची सगळी धूळ त्या दोघांच्या तोंडात जाऊ लागली. मग म्हणे मी डावीकडे ओढते. अलिबागच्या रामचंद्र मिस्त्रीनं मला स्वतः चालवून पाहिलं. मी सुतासारखी सरळ गेले. परत येऊन तो मान खाली घालून म्हणाला की चाकाचा एक खिळा सैल होता, तो आवळलाय. कुठलाही खिळा सैल नव्हता. माझ्या जिवाची अशी तडफड झाली म्हणता! भोंग्याशिवाय आवाज नाही, आणि भोंगाही दुसऱ्यानं दाबायचा.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की हे सांभाळून घेणं एकट्या मिस्त्रीचं नाही. भागोजी बाजूला बसून गप्पा मारल्यासारखा बोलत राही. “ही बघा आपली केसरकाकी निघाली बाजाराला, उजव्या अंगानं.” “धर्माजीच्या बैलांना आज मधेच उभं राहायचंय वाटतं, तांडेल.” तांडेल हसून चाक वळवी. वळणावरच्या माडांना वाळवी लागते म्हणून गावानं त्यांचे बुंधे चुन्यानं पांढरे रंगवले. वाळवी काय फक्त वळणावरच्याच माडांना लागते? माझा भोंगा दुरून ऐकला की लोक गुरं बाजूला घेत आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “जुनी गाडी, हिचा काय भरवसा न्हाय.”

आणि मचव्यावरही तेच चाललं होतं. भागोजी पुढे नाळेवर उभा राहून ओव्या म्हटल्यासारखा एकेक खूण सांगे, त्या धाग्यावर तांडेल सुकाणू धरी. पाण्याचा आवाज, वाऱ्याचा वास, चाळीस वर्षांची आठवण. समुद्रातले खडक आपली जागा सोडत नाहीत, म्हणून निभावत होतं.

कोणी बोलत का नव्हतं? भर वादळात खांदेरीच्या खडकावर आपटता आपटता याच माणसानं मचवा वळवला होता. त्या दिवशी मचव्यात रामचंद्र मिस्त्रीचा बाप होता, धर्माजी होता, भागोजीची बायको होती, तिच्या पोटात त्यांची लेक राही होती. ज्याच्या नजरेनं आपण जगलो, त्याच्या नजरेला नाव कोण ठेवणार? त्यापेक्षा मोटारीला ठेवलेलं बरं. मोटार उलटून बोलत नाही.

१९३६च्या श्रावणात, नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना, आम्ही रेवदंड्याहून परतत होतो. सडकेच्या डागडुजीसाठी कामगारांनी त्या सकाळी खडीचा ढीग आणून टाकला होता. तो आदल्या दिवशी नव्हता, त्यामुळे तांडेलाच्या आठवणीतही नव्हता. भागोजी पागोटं सुटलं म्हणून खाली वाकला. तेवढाच वेळ. मी स्वच्छ उन्हात, दोन माणसांएवढ्या उंच ढिगावर सरळ जाऊन चढले आणि कुशीवर पडले. तांडेलाला खरचटलं. भागोजीचा पाय गुडघ्याखाली मोडला.

पाय धरून कण्हत असताना भागोजी पहिलं वाक्य काय बोलला असेल? “ब्रेक लागला न्हाय.”

पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशीच्या भरतीला मोसमातली पहिली खेप निघते. यंदा मचव्यात बत्तीस माणसं जाणार होती. त्यांत भागोजीची राही होती. बाळंतपणाला माहेरी आली होती, आता तान्ही पोर घेऊन मुंबईला नवऱ्याकडे निघाली होती. आणि नाळेवर भागोजी नसणार होता. दुसरा कोणी खलाशी उभा केला असता, पण त्याला सांगायचं काय? की खुणा मोठ्यानं म्हण, थांबू नकोस? का म्हणायच्या, ते कारण सांगितल्यावाचून हे सांगता येत नव्हतं.

मित्रांनो, शेवटचं सांगण्यापूर्वी एक विनंती करते. यंत्राला वेळेवर तेल घाला, पाणी घाला, मुशीचं सोडून. त्याच्यावर ओझं लादा, उन्हात उभं करा, ते रागावणार नाही. पण माणसाचं दुखणं यंत्राच्या नावावर खपवू नका. मी बोलू शकले असते तर भागोजीचा पाय शाबूत राहिला असता. तुम्हाला तर तोंड आहे.

पौर्णिमेच्या दुपारी मला दोरानं ओढून तांडेलाच्या अंगणात आणलं होतं. रामचंद्र मिस्त्री आला, माझ्या खाली शिरला, बाहेर आला. सगळं गाव जमलं होतं. भागोजी बाजेवर पाय लांब करून पडला होता. नजमुद्दीननं सर्वांदेखत विचारलं की ब्रेक खराब होता की नाही.

मिस्त्री हात पुसत राहिला. माझा ब्रेक त्यानंच दोन महिन्यांपूर्वी नवा बसवला होता.

“व्हता, तांडेल,” तो म्हणाला.

“ऐकलंत? ही अवदसा भंगारात द्या आन् मोकळे व्हा,” नजमुद्दीन म्हणाला. “उद्या भरतीला मचवा निघंल. मचव्याला ब्रेक नसतो, म्हणून बरं हाय.”

दोन-चार माणसं हसली. त्यांना हसावंच लागलं. भागोजीनं बाजेच्या कडेला तोंड फिरवलं. तो बोलेल असं मला वाटलं, आत्ता, या घडीला बोलेल. त्याचे ओठ हललेही. पण तो एवढंच म्हणाला की राहीला ताप हाय वाटतं, यंदा तिनं आगबोटीनं जावं. ताप नव्हता, हे राहीच्या तोंडावरूनच दिसत होतं. एक माणूस उतरवून बापानं मन शांत केलं. उरलेल्या एकतीसांचं काय, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

तेव्हा ओटीवरून तैयबा उतरली. चार बाप्यांच्या घोळक्यातून सरळ माझ्याकडे आली, दार उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या डाव्या बैठकीवर बसली. वर्षभर ती नवऱ्याच्या ताटातला मासा काटे काढून वाढत होती, हे मला पुढे कळलं. तिनं त्याला चाकापाशी बसायला सांगितलं. तोही हसत बसला, म्हणाला, “आता हौस आली व्हय?”

तिनं राहीला हाक मारली नाही, नुसता हात केला. राही पिवळ्या लुगड्यात, पोर कडेवर घेऊन, माझ्या नाकासमोर दहा पावलांवर येऊन उभी राहिली. ऊन अजून कडक होतं. कोणी चूं केलं नाही. पोरही गप्प होती, मूठ चोखत होती.

“अवो, सांगा बघू,” तैयबा म्हणाली. “समोर कोण हाय?”

नजमुद्दीननं मान पुढे काढली. डावीकडे कलली, उजवीकडे कलली. चाकावरचे त्याचे हात ओले झाले, मला लागले. कान लावला, पण ऐकायला काही नव्हतं.

“कोण असणार?” तो म्हणाला. “कोणी न्हाय. रस्ता मोकळा हाय.”

अंगणातल्या एकाही माणसानं दुसऱ्याकडे पाहिलं नाही. तैयबानं पदर सावरला आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“तिथं राही उभी हाय, पोर घेऊन,” ती म्हणाली. “गाडीला काय झालं न्हाय. तुम्हाला दिसत न्हाय.”