तेवढं एक वाक्य

मी तापट माणूस. सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल, आणि त्या टेबलावर मी वीस वर्षं लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं लिहिली. पक्षकार एकच गोष्ट दोनदा सांगायला लागला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि म्हणायचो, जा, आधी घरी ठरवून ये. तरी लोक माझ्याकडंच यायचे, कारण महिपतीच्या कागदात खोट निघत नाही असं माझं नाव होतं. माझ्या एकाच कागदात खोट निघाली. ती सांगतो.

माझा धाकटा भाऊ जालिंदर वेल्डर होता. पंचाहत्तर साली तो कुवेतला गेला. इथं काय उपाशी मरत होतास का, म्हणून मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. तो हसला, माझ्या पाया पडला आणि गेला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मागं राहिलो आई, त्याची बायको वच्छला आणि मी. माझंही लग्न झालं होतं, पण टिकलं नाही. माझ्या स्वभावापुढं कोण टिकणार?

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात चनबसप्पाचं पत्र आलं. हा अक्कलकोटचा गडी, तिकडं जालिंदरच्याच खोलीत राहायचा. त्यानं लिहिलं होतं की जालिंदरचं पोट उघडलं आणि डॉक्टरांनी तसंच शिवून टाकलं. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय. दोन महिने म्हणजे डोक्यावरून पाणी. तो दुसरं काही बोलत नाही, घरी न्या एवढंच म्हणतो. कंपनी तिकीट काढायला तयार होती. विमानातल्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवणार, सोबत एक नर्स देणार, आणि बारा जूनचं विमान धरूनही ठेवलं होतं. फक्त घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं हमीपत्र लिहून, त्यावर मॅजिस्ट्रेटचा शिक्का घेऊन पाठवायचं होतं. त्यात काय काय पाहिजे ते चनबसप्पानं उतरवून दिलं होतं. शेवटचं वाक्य असं: रोगी वाटेत मरण पावण्याचा संभव आहे हे आम्हास माहीत असून, तसे झाल्यास आमची कोणावर तक्रार राहणार नाही.

दिवेलागणीला मी ते पत्र आईला वाचून दाखवत होतो. रोगाचं नाव गाळलं होतं, पण त्या वाक्यापाशी आलो आणि ते तोंडातून निघून गेलं. आईनं उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, शुभ बोल रे, वास्तू तथास्तु म्हनती. मी पत्राची घडी घालून ठेवून दिली.

पण मी आईवर ढकलणार नाही. दुसऱ्या दिवशी मी लिंबाखाली एकटा बसून लिहीत होतो, तिथं कुठं आली होती आई? असली वाक्यं मी शेकड्यानं लिहिलीत. ऑपरेशनच्या आधीची संमतीपत्रं लिहिलीत, विहिरीच्या सुरुंगावर जाणाऱ्या मजुरांचे कागद लिहिलेत. बायाबापड्या रडायला लागल्या की मीच खेकसायचो, शाईनं माणूस मरत नाही, उठव अंगठा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! जालिंदरचं नाव लिहिलं आणि पुढं हातच चालेना. गड्ड्याच्या जत्रेत मी त्याला खांद्यावर बसवून फिरवलं होतं, त्याच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून माझी सही होती, आणि त्याचं मरण मी माझ्या अक्षरात लिहू? बाकीचा मजकूर मी मोत्यासारखा उतरवला. शेवटी लिहिलं, सर्व जबाबदारी आमची राहील. म्हणलं यात सगळं आलं की. एवढ्या एका वाक्यावर कोण अडवतंय? शिक्का घेतला आणि पाकीट रजिस्टर करून टाकलं.

मग आम्ही तयारीला लागलो. आईनं खोलीला चुना मारून घेतला. खिडकीशी वारा येतो म्हणून वच्छलानं खाट तिकडं सरकवली, दोन जुनी लुगडी घालून मऊ गोधडी शिवली. मी एका डॉक्टरांना भेटून दुखणं कमी करायच्या इंजेक्शनांची सोय लावली आणि मुंबईहून आणायला मोहोळच्या एका ओळखीच्या माणसाची गाडी ठरवली. आई रोज विचारायची, किती दिस राहिले? मी बोटांवर मोजून सांगायचो.

नऊ जूनला तार आली. कागद नामंजूर, मृत्यूचं वाक्य नाही, ताबडतोब नवा पाठवा. झालं, बारा तारखेचं विमान गेलं. मी तारवाल्यावर ओरडलो, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, दारातल्या लोकांना हाकललं. खोट कुणाची ते मला चांगलं माहीत होतं, म्हणून तर आवाज एवढा चढला होता. संध्याकाळी नवा स्टँपपेपर पुढ्यात घेऊन बसलो. तो दिवस गेला, दुसराही गेला. कागद कोराच.

तिसऱ्या दिवशी सकाळी वच्छला पुढं आली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण डोक्यावरचा पदर सोडून ती माझ्यापुढं कधी उभी राहिली नव्हती, की सरळ बोलली नव्हती. ती खाली बसली आणि कागद स्वतःकडं ओढून घेतला.

"भावजी, तुमी लिवलं न्हाय म्हणून ते टळनार हाय व्हय?" ती म्हणाली. "मी चौथी शिकलेय. सांगा, काय लिवायचं?"

मी भिंतीकडं तोंड करून सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. ज्या नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते तिनं पाटीवरच्यासारख्या मोठ्या अक्षरात लिहिलं. शेवटचं वाक्य मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. तिनं एक एक शब्द मला पुन्हा विचारून घेतला आणि ते पुरं केलं.

"जित्ते आले तर लई बरं," ती म्हणाली. "न्हायतर वाटंत तरी माझ्याकडं तोंड करून असतील."

आतल्या खोलीतून आई हे सगळं ऐकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

विमान मिळालं दोन जुलैचं. मी आणि वच्छला मुंबईला गेलो, मोहोळची गाडी बाहेर उभी करून विमानतळावर थांबलो. दुपारी विमान उतरलं. सगळे उतारू गेले तरी स्ट्रेचर येईना. मग ती नर्स एकटीच पुढं आली. उतरायच्या तासभर आधी जालिंदर गेला होता. नर्सनं हिंदीत सांगितलं की तो सारखा विचारत होता, अजून किती लांब. त्याच गाडीतून आम्ही त्याला सोलापूरला आणला. सगळ्या वाटेत वच्छलानं त्याच्या कपाळावरचा हात काढला नाही.

चनबसप्पाचं पत्र मागून आलं, पंधरवड्यानं. बारा जूनला जालिंदर बरा होता, म्हणजे उठून बसत होता. कागद नामंजूर झाला असं सांगितलं तरी त्यानं दाढी करून घेतली, नवा शर्ट घातला आणि संध्याकाळपर्यंत तसाच खुर्चीत बसून राहिला. दादाचा कागद हाय, चुकायचा न्हाय, असं म्हणत होता. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

त्याच्या आधी दहाव्याला आमच्या घरी गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यांच्यादेखत आई वच्छलाला म्हणाली, "तू तुज्या हातानं त्याचं मरान लिवलंस. वास्तूनं ऐकलं."

वच्छलानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी बोलायचं होतं. पहिला कागद मी बिघडवला, हिनं लिहिलं म्हणून तर जालिंदर तिकडून निघाला, एवढंच बोलायचं होतं. नव्या पेठेत उभा राहून बोललो तर शुक्रवार पेठेत ऐकू जावं असा माझा आवाज. मी मान खाली घातली. मनात म्हणलं, आज नको, आई जरा सावरू दे, मग सांगू.

ते मग सांगू दोन वर्षं चाललं. आई वच्छलाशी बोलायची बंद झाली ती झालीच. वच्छलानंही कधी माझं नाव पुढं केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, विचारायला तोंड कुठं होतं मला? माहेरचे न्यायला आले तर ती गेली नाही. आईनं अंथरूण धरलं तेव्हा हगणंमुतणं, न्हाऊ घालणं, पाठीला तेल लावणं, सगळं तिनंच केलं. आई डोळे मिटून घ्यायची आणि करून घ्यायची.

एकोणऐंशीच्या श्रावणात एका सकाळी आईचा श्वास लागला. वच्छला धावत जाऊन तांब्या घेऊन आली, आईची मान मांडीवर घेतली आणि चमचा ओठांशी नेला. आईनं तोंड फिरवलं.

"हिच्या हातचं नगं," ती म्हणाली. "महिपती, तू पाज."

वच्छलानं तांब्या माझ्याकडं दिला आणि ती बाजूला सरकली. मी म्हणलं, आई, ऐक. आईनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मला ताप आला की बघायची तसं बघितलं. मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं पाणी घेतलं, दोनदा घेतलं, आणि माझ्या हातावर हात ठेवून डोळे मिटले.